फ्लॅटला ‘इतर हक्क’चा रकाना कधी? महसूलमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : जुना फ्लॅट घेणाऱ्याला दस्त नोंदवण्याआधी टायटल (मालकी हक्क) तपासता येण्याबाबत.

महोदय,

ठाणे जिल्ह्यात मी घरांच्या खरेदी-विक्रीची कागदपत्रं करतो. माझे पक्षकार म्हणजे बहुतेक नोकरदार, नाहीतर नुकतीच फंडाची रक्कम हातात आलेली माणसं. रीसेलचा फ्लॅट पसंत पडलेला असतो, टोकन देऊन झालेलं असतं, आणि मग ते वकिलाकडे येतात. (टोकनच्या आधी का येत नाहीत, हे मला आजवर कळलेलं नाही.) त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : “साहेब, रजिस्ट्रेशन झालं की फ्लॅट आमचाच ना?”

नाही, असं सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही. दस्त नोंदवला म्हणजे अमक्याने तमक्याला लिहून दिलं, एवढंच सिद्ध होतं. लिहून देणाऱ्याकडे मुळात द्यायला काही होतं का, ते दुय्यम निबंधक बघत नाहीत. १९०८च्या नोंदणी कायद्याने ते काम त्यांच्यावर टाकलेलंच नाही. विक्रेत्याने आपली मालकी दाखवली नाही तर दस्त परत पाठवा, असा तामिळनाडूचा एक नियम सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५मध्ये रद्द केला, तोही याच कारणाने. माझी त्याबद्दल तक्रार नाही. कोण मालक हे खिडकीवर ठरायला लागलं तर त्या खिडकीवर काय काय होईल, हे आपल्याला सांगायला नको.

सरकारने टायटलची हमी द्यावी, असं मी म्हणत नाही. पण टायटल तपासण्याची जबाबदारी पूर्णपणे खरेदीदाराची असेल, तर तपासायचं दप्तर तरी धड हवं. ठाण्यात ७० लाखांचा फ्लॅट पुरुषाच्या नावावर घ्यायचा तर मेट्रोचा अधिभार वगैरे धरून सात टक्क्यांनी ४ लाख ९० हजार मुद्रांक शुल्क होतं, वर ३० हजार नोंदणी फी. एवढे पैसे भरणाऱ्याला त्याच खात्याचं दप्तर काय दाखवतं?

सर्च रिपोर्ट, म्हणजे मिळकतीच्या जुन्या दस्तांच्या तपासणीचा अहवाल, आपण कधी वाचला असेल-नसेल, म्हणून सांगतो. रिवाज तीस वर्षांचा सर्च काढायचा. आमच्याकडे २००२पासूनचा इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्तांची मिळकतवार सूची) संगणकावर मिळतो, त्याआधीचा बांधीव वह्यांमध्ये. सर्च क्लार्क वह्या चाळतो आणि वर्षावार लिहून देतो : ‘१९९६ – नोंद नाही. १९९७ – काही पाने फाटलेली. १९९८ – इंडेक्स बायंडिंगला. १९९९ – नोंद नाही.’ त्यावरून मी दाखला देतो की ‘फाटलेली, गहाळ व उपलब्ध न झालेली पाने वगळता’ सदर मिळकत निर्वेध व बोजारहित आहे. सगळे वकील हेच वाक्य वापरतात. वाचायला बरं वाटतं, पण ते राखतं वकिलाला, पक्षकाराला नाही. ज्या वर्षी मूळ मालकाने जमिनीचा तुकडा दुसऱ्याच कुणाला लिहून दिला असेल, ते नेमकं फाटलेल्या पानांतलं निघालं तर?

बरं, २००२ नंतरचं तरी सोपं असावं. पण ऑनलाइन शोध मिळकतीच्या नंबरावर चालतो, आणि नंबर ज्याने जसा टाइप केला तसा. सर्व्हे नंबर ४५, हिस्सा २ हा कुणी ४५/२ लिहिलेला असतो, कुणी ४५-२, कुणी नुसताच ४५. मध्येच सिटी सर्व्हे झाला की वेगळाच नंबर. इमारतीचं नाव एका दस्तात ‘साईकृपा’, दुसऱ्यात ‘साई कृपा अपार्टमेंट’, तिसऱ्यात ‘ए विंग’. एकाच फ्लॅटचे तीन करारनामे अशा तीन ठिकाणी बसलेले असतात आणि चौथा असेल तर तो सापडला नाही हे मला कळणार कसं?

आता बोजा. गृहकर्जासाठी मूळ कागद बँकेत ठेवले की तीस दिवसांत त्याची नोटीस निबंधकाकडे द्यायची, ही तरतूद आपल्या राज्यात २०१३पासून लागू आहे आणि ती खरोखरच कामाची आहे. पण ती नोटीस एकीकडे, केंद्राच्या सरसाईची (तारण कर्जांच्या केंद्रीय नोंदवहीची) नोंद दुसरीकडे, सोसायटीच्या दप्तरातला बोजा तिसरीकडे. पतपेढीकडे कागद ठेवून घेतलेलं कर्ज तर पुष्कळदा फक्त सेक्रेटरीला माहीत असतं. कोर्टातला दावा शोधायचा तर पक्षकाराच्या नावाने, आणि त्या नावाची माणसं जिल्हाभर. बँकेच्या पॅनेलवरचा वकीलही हीच वणवण करतो; त्याची फी कर्जदाराकडून घेतली जाते, रिपोर्ट मात्र बँकेच्या फायलीत जातो आणि कर्जदाराने मागितला तर ‘तो अंतर्गत आहे’ म्हणतात. हे आपल्या खात्याचं नाही, तरी कानावर घालून ठेवतो.

आपल्याच खात्याने हे जमिनीच्या बाबतीत करून दाखवलेलं आहे. पाच गुंठ्यांच्या शेताला सातबारा आहे. ‘इतर हक्क’मध्ये विकास सोसायटीचा बोजा दिसतो, फेरफार क्रमांक दिसतो, डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या निघतो. ७० लाखांच्या फ्लॅटला मात्र स्वतःचा उतारा नाही. मिळकत पत्रिका असते ती खालच्या जमिनीची, आणि तिच्यावर बहुतेक वेळा पन्नास वर्षांपूर्वीच्या जमीनमालकाचं नाव असतं, कारण १९६३च्या मोफा (फ्लॅट मालकी) कायद्याने सांगितलेलं अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं, बिल्डरने केलेलंच नसतं आणि सोसायटीने मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डरशिवाय ते करून घेण्याचा) अर्ज दर वार्षिक सभेत पुढे ढकललेला असतो. त्या विषयावर एक वेगळं पत्र लिहावं लागेल.

तेव्हा मागणी अशी. प्रत्येक सदनिकेला एक कायमचा क्रमांक द्या आणि तो घातल्याशिवाय नवा दस्त स्वीकारू नका. त्या क्रमांकावर आधीचे दस्त, गहाणाच्या नोटिसा आणि नोंदवलेल्या प्रलंबित दाव्यांच्या नोटिसा एकत्र दिसू द्या. कर्ज फिटल्याचं बँकेने त्याच ठिकाणी कळवावं, म्हणजे विक्रेत्याला वीस वर्षांपूर्वीच्या ‘नो ड्यूज’साठी कपाट उपसावं लागणार नाही. जुन्या वह्या स्कॅन होतील तेव्हा होतील. तोवर जी पानं नाहीत, ती नाहीत असं कार्यालयाने सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावं. आज ते क्लार्कच्या तोंडी सांगण्यावर चालतं. दाखला हातात असेल तर मी पक्षकाराला म्हणू शकेन की या तीन वर्षांचं काही सांगता येत नाही, तेवढ्यासाठी विक्रेत्याकडून नुकसानभरपाईचं बंधपत्र घ्या, किंवा किंमत कमी करा, किंवा हा फ्लॅट सोडा.

यातल्या शेवटच्या मागणीला, म्हणजे नसलेल्या पानांच्या दाखल्याला, नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरेल.

आपला,
खरेदी-विक्रीची कामं करणारा एक वकील,
ठाणे जिल्हा