युरिया टाकण्याआधी

गोरेगाव, मुंबई

चि. केतकीस अनेक आशीर्वाद.

कुरणात गवताने क्लोव्हर (शेंगवर्गीय चारा) दाबलंय, युरिया टाकू का, असं विचारलंस. नको टाकूस, युरिया म्हणजे नत्रच (नायट्रोजन). तिकडे न्यूझीलंडमध्ये असो की कुठेही, मातीत नत्र कमी असतं तेव्हाच क्लोव्हरचं फावतं. गवताची तंतुमय मुळं मातीतलं नत्र आधी ओढून घेतात. क्लोव्हरच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू असतात, ते हवेतलं नत्र देतात, पण त्याबदल्यात साखर घेतात. मातीत आयतं नत्र आलं की झाड गाठींचा खर्च कमी करतं. गवत मात्र त्याच नत्रावर फोफावतं आणि जमिनीलगत सरपटणाऱ्या पांढऱ्या क्लोव्हरवर सावली धरतं. पुढे नत्र संपून गवत मंदावलं की क्लोव्हर परत डोकं वर काढतं.

इंग्लंडात रॉथॅमस्टेडला 1856 पासून एका गवताळ रानावर खतांचा प्रयोग चालू आहे. अमोनियाचं खत घातलेल्या तुकड्यांतून शेंगवर्गीय झाडं जवळपास गेली. नत्र न देता स्फुरद-पालाश (फॉस्फरस-पोटॅशियम) दिलेल्या तुकड्यांत ती भरपूर आहेत. कारण स्फुरद-पालाश ओढण्यातही गवतच वरचढ, ते कमी पडलं की क्लोव्हरच उपाशी राहतं. तेव्हा आधी माती तपासून घे, आणि गुरं चरायला सोडून गवत आखूड ठेव.

क्लोव्हर गवताला नत्र ‘दान’ करतं, हे मला पटत नाही. बरंचसं नत्र मुळं-पानं कुजल्यावर आणि गाईच्या शेणमुतातून गवताला मिळतं. गाय मुतते तिथे गवत गडद हिरवं होतं आणि क्लोव्हर मागे सरतं. नमुने घेताना त्या जागा वेगळ्या नोंदव, नाहीतर सगळी सरासरी फसेल.

इकडे पावसाने आरे हिरवंगार झालंय. तिथली लाजाळू उपटली तर मुळांवर गाठी दिसतात. टाकळाही शेंगांचाच, पण त्याला गाठी येत नाहीत. सगळे शेंगवाले नत्र आणतात असं धरून चालू नकोस. (त्याची भाजी मात्र आईने काल झकास केली होती.)

तुझ्या क्लोव्हरची एक गाठ नखाने फोडून बघ. आत गुलाबी असेल तर ती काम करते आहे, हिरवट-करडी असेल तर थकली आहे. फोटो पाठव, आणि कुरणाच्या कुठल्या भागातली ते लिही.

तुझा,
बाबा