‘सत्यकाम’ नावामागची आई

संपादक महोदय,

गिरगावातील आमच्या चाळीत नुकतेच एका बाळाचे बारसे झाले आणि आत्याने त्याच्या कानात ‘सत्यकाम’ हे नाव सांगितले. कोणीतरी लगेच मोबाइलवरच्या यादीतून ‘खरे बोलणारा’ असा अर्थ वाचून दाखवला. एवढ्या मोठ्या नावाची अशी बोळवण होऊ नये, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सत्य हीच ज्याची कामना, तो सत्यकाम. छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात हा मुलगा गुरूकडे जाण्यापूर्वी आईला, जबालेला, आपले गोत्र विचारतो. ती सांगते की तारुण्यात अनेक ठिकाणी सेवा करीत फिरत असताना तू मला झालास, तुझे गोत्र मला ठाऊक नाही. माझे नाव जबाला, तुझे सत्यकाम, तेव्हा ‘सत्यकाम जाबाल’ असेच सांग. गुरू हारिद्रुमत गौतमांपुढे उभा राहून तो एकही शब्द न लपवता आईचे हे उत्तर जसेच्या तसे सांगतो आणि ‘तू सत्यापासून ढळला नाहीस’ असे म्हणून गौतम त्याला समिधा आणायला सांगतात, म्हणजेच शिष्य म्हणून स्वीकारतात. पुढे त्याने गुरूच्या चारशे रोड गायी रानात नेऊन त्यांच्या हजार होईपर्यंत सांभाळल्या, हा भाग बहुतेकांना ठाऊक असतो.

सत्य सांगण्याचे धैर्य मुलाच्या आधी आईने दाखवले, हे मात्र निसटते. पतीच्या घरी अतिथींच्या सेवेत गढून गेल्यामुळे गोत्र विचारायचे राहिले, असा सौम्य अर्थ शांकरभाष्यात लावला आहे. तो आदराने वाचावा. पण मूळ उत्तर इतके सरळ आहे की त्याला आडोशाची गरज नाही, असे मला मनापासून वाटते.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत बाळाच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव आणि आडनाव लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. त्याचे स्वागत करताना जबालेची आठवण क्वचितच काढली गेली. ‘सत्यकाम’ नाव ठेवणाऱ्या आईवडिलांनी मुलाला समज येताच ही गोष्ट जरूर सांगावी आणि सांगताना जबालेचे उत्तर गाळू नये, एवढी विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त संस्कृत शिक्षिका, गिरगाव, मुंबई