नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर खेळपट्टी तयार करणाऱ्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

जानेवारी २०२५ मधला बडोद्याविरुद्धचा रणजी सामना संपल्यावर दोरीपलीकडे घुटमळणाऱ्या माझ्या लेकीला तुम्ही आत बोलावलंत. तुमची घरी जायची वेळ झाली होती, कपडे धुळीने माखलेले. तरी उकिडवे बसून तुम्ही तिला खेळपट्टी समजावून सांगत राहिलात. त्याचे आभार मानायचे राहून गेले, म्हणून हे पत्र.

ऋतुराज गायकवाडच्या महाराष्ट्राने तो सामना ४३९ धावांनी जिंकला. बडोद्याचे डाव १४५ आणि १७७ वर आटोपले. आम्ही सगळे धावा-विकेटांत रमलो होतो, तुम्ही मात्र मातीविषयी बोललात. गोलंदाजांच्या पायांनी उकरलेली जागा, तिच्या कडेची भुसभुशीत माती, मधला अजून टणक राहिलेला पट्टा, सगळं बोट लावून दाखवलंत. ‘इथं टप्पा पडला तर वळेल, इथं पडला तर सरळ जाईल.’ पाणी मारल्यावर रोलर घाईने फिरवला तर माती त्याला चिकटून उचलली जाते, फार उशीर केला तर वरून नुसताच फिरतो, माती दबत नाही. काळी माती तडकते कशी, लाल मातीवर चेंडू उसळतो का, हेही सांगितलंत. पोर लेगस्पिन टाकते. आता कुठेही खेळायला गेली तरी आधी खेळपट्टीवर अंगठा दाबून बघते. सिन्नरची लेगस्पिनर माया सोनवणे २०२२ च्या महिला टी-ट्वेंटी चॅलेंजमध्ये व्हेलॉसिटी संघाकडून खेळली, तेव्हापासून हिने लेगस्पिनचा ध्यास घेतलाय. पण मातीचं शिक्षण तुमचंच.

मैदानाच्या नावामागची गोष्टही तिला तुमच्याकडूनच कळली. गोल्फ क्लब म्हणायची सवय इतकी, की ‘हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान’ ही पाटी रोज दिसूनही वाचली जात नाही. २१ डिसेंबर १९०९ ला याच शहरात विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारा अनंत, १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला तेव्हा अवघा अठरा वर्षांचा होता. लेक घरी येईपर्यंत गप्प होती.

मोठ्या शहरांसारखे उंच स्टँड आपल्याकडे नाहीत. पण भोवतीच्या जॉगिंग ट्रॅकवर पहाटेपासून अख्खं नाशिक चालतं, इथेच सभा होतात, इथेच रणजी खेळली जाते. सभेनंतर मंडपाच्या खांबांचे खड्डे बुजवताना मी तुम्हाला पाहिलंय. एकेका खड्ड्यात माती भरून पायाने चेपत होतात. हे काम धावफलकावर येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एक विनंती आहे. पुढच्या सामन्यासाठी खेळपट्टी तयार कराल, तेव्हा हिला बाजूला उभं राहून बघू द्याल का? मध्ये मध्ये करणार नाही, याची हमी माझी.

आपली,
कॉलेज रोडवरची एक आई