बी.ए.ला गणित हवंच, पण कोणतं?

महोदय,

यूजीसीच्या २०२२च्या आराखड्यात पदवीसाठी बहुविद्याशाखीय (आपल्या शाखेबाहेरच्या) विषयांचे ९ श्रेयांक (क्रेडिट) आहेत. गणित-संख्याशास्त्र त्यात आहे, पण पर्याय म्हणून. कला शाखेची पोरं तो कशाला घेतील? मराठवाड्यातल्या विद्यापीठांनी तो सक्तीचा करावा. मात्र बारावीचं कलन (कॅल्क्युलस) माथी मारू नये.

पतसंस्थेत कारकुनी करताना पदवीधर कर्जदार रोज समोर बसायचे. १ लाख कर्ज, सरळ १० टक्के, ३ वर्षं. ३,६११ रुपयांचा हप्ता ऐकून गडी खूश! मुद्दल महिन्याला घटतंय, व्याज मात्र पूर्ण लाखावर. घटत्या शिलकीवर हाच दर १८ टक्क्यांच्या घरात जातो. कुणी विचारल्याचं आठवत नाही. (संस्थाही आपणहून सांगायची नाही, ते सोडा.)

किंवा पीकविमा घ्या. उंबरठा उत्पादन (ज्याच्या खाली पीक गेलं की भरपाई मिळते) काढताना मागच्या ७ वर्षांतल्या चांगल्या ५ वर्षांची सरासरी धरतात आणि तिला जोखीमस्तराने (विम्याने ठरवलेल्या संरक्षणाच्या टक्केवारीने) गुणतात. वाईट २ वर्षं का गाळायची? सोयाबीनवाल्याच्या पोराला यावर दोन तास पुरणार नाहीत.

परीक्षेत कॅल्क्युलेटर खुशाल द्या. शिकवायला अर्थशास्त्राचा प्राध्यापकही चालेल.

— एक निवृत्त पतसंस्था कर्मचारी, औसा (जि. लातूर)