बाबांचं पाणी आणि लघवी

पुणे

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

आई काल फोनवर म्हणाली, रात्री उठावं लागतं म्हणून बाबा दिवसभर पाणीच बेताचं पितात. राजवाड्याला जायचं असलं तर सकाळपासून जवळजवळ निर्जळी. मागून बाबांचं "तिला कशाला सांगतेस?" तेही ऐकू आलं. म्हणून सगळं कागदावर लिहितेय, फोन कट करायची सोय नको.

बाबा, दोन्ही किडन्यांत मिळून साधारण वीस लाख बारीक गाळण्या असतात. दिवसाकाठी त्यांतून 180 लिटरच्या आसपास द्रव गाळला जातो आणि लघवी होते जेमतेम दीड लिटर. बाकीचं पाणी, मीठ, साखर शरीर परत घेतं. पाणी किती राखायचं ते मेंदूतून येणारं हार्मोन ठरवतं. तरुणपणी ते रात्री जास्त सुटतं, वयाबरोबर ही लय ढिली पडते. शिवाय संध्याकाळी तुमच्या घोट्यांवर मोज्यांचा वण उमटतो ना? पायात उतरलेलं ते पाणी आडवं झालं की रक्तात परततं आणि लघवीवाटे निघतं. प्रोस्टेटचंही असू शकतं. धार बारीक झाली असेल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा.

आणखी एक. तुमची शुगरची गोळी डापाग्लिफ्लोझिन साखर लघवीवाटेच बाहेर टाकते आणि ती साखर सोबत पाणीही ओढून नेते. त्यात इंदूरचा मे महिना, पारा 40 च्या पुढे, आणि तुम्ही पाणी तोडलेलं! मग लघवी गडद पिवळी होणारच. सकाळी-दुपारी नीट प्या, जेवणानंतर रात्री कमी करा. दुपारी पाय उशीवर ठेवून पडा. रिपोर्टात साखर 'तीन प्लस' आली तर घाबरू नका, ती गोळीची करामत. (पोहे-जिलबीला मात्र यातून परवानगी मिळत नाही.)

मला खरी काळजी फेसाची आहे. कधीतरी फेस येतो, त्याचं काही नाही. पण रोज येऊन तसाच टिकत असेल तर प्रोटीन जातंय का ते बघायला हवं. तुम्ही दर वेळी फक्त रक्तातली शुगर तपासता. डॉक्टरांना विचारून लघवीचा अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशोही करा. तो 30 mg/g च्या आत हवा. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) नॉर्मल असतानाही तो वाढलेला असू शकतो. आणि गुडघ्यासाठी मेडिकलवाल्याकडून परस्पर आणलेली पेनकिलर बंद. किडनीला ती बाधते, शरीरात पाणी कमी असताना तर जास्तच.

आई, तू बी-कॉम्प्लेक्स घेतेस, म्हणून लघवीला तो हळदीसारखा रंग. उन्हाळी लागली तर धने-जिऱ्याचं पाणी घे, पण सोबत ताप असेल किंवा आग थांबत नसेल तर ते इन्फेक्शन, तपासणी करायचीच. लाल दिसली तर आदल्या दिवशी बीटाची कोशिंबीर खाल्ली होती का ते आठव. नसेल तर एकदाच दिसली, दुखलं नाही, तरी डॉक्टरांकडे जायचं. हे दोघांनाही लागू.

नमुना सकाळचा पहिला, सुरुवातीची धार सोडून मधली, आणि लगेच लॅबमध्ये पोचवायचा. डबी लॅबचीच घ्या. आईनं धुऊन ठेवलेली लोणच्याची बरणी चालणार नाही.

रिपोर्ट आला की फोटो पाठवा.

तुमची,
मनू