भिंतीला लिंबू लावू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला जुन्या वाड्यांच्या डागडुजीवरचा लेख वाचला. तो इंग्रजीवरून उतरवलेला आहे हे कुठे छापलेले नसले, तरी तिसऱ्या ओळीतच कळते. ‘भिंतींना लिंबाचा गिलावा दिल्यास ओल धरत नाही,’ असे तिथे म्हटले आहे. पुढच्या परिच्छेदात तर ‘लिंबाचा दगड भट्टीत भाजून’ घ्यायला सांगितले आहे. निदान दगड भाजायची वेळ आली तेव्हा तरी अनुवादकाचा हात थांबायला हवा होता!

मूळ इंग्रजीतला ‘लाइम’ म्हणजे चुना, अनुवादकाने त्याचे लिंबू केले. इंग्रजीतल्या ‘लाइम’मध्ये तीन निरनिराळे शब्द येऊन बसले आहेत. चुन्याचा लाइम मूळचा चिकटवण्याच्या वस्तूचा. जर्मन भाषेत सरसाला आजही ‘लाइम’च म्हणतात. फळाचा लाइम फारसी-अरबीतून युरोपात गेला. तो आपल्या लिंबाचा भाऊबंद. तिसरा एका युरोपी झाडाचा, ज्याचे नाव आधी ‘लिंड’ होते. बर्लिनच्या ‘उंटर डेन लिंडन’ या रस्त्यावर १६४७मध्ये लावली ती हीच झाडे. त्यांना ना लिंबे लागतात, ना त्यांचा चुन्याशी संबंध. आपल्याच प्रवासवर्णनात गेल्या महिन्यात ‘बर्लिनमधील लिंबाच्या झाडांची सावली’ आली होती. आमच्या सातारा भागात लिंब म्हणजे कडूलिंब. म्हणजे इथल्या वाचकाने बर्लिनमध्ये निंबोळ्या वेचायच्या!

तेवढेच असते तर हसून सोडून दिले असते. पण चुना आणि लिंबू एकमेकांचे वैरी आहेत. भिंतीवरचा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत शोषत पुन्हा चुनखडी होतो आणि लिंबातले आम्ल चुनखडीला खाते. ओट्याखालच्या शहाबादी फरशीवर लिंबाची फोड रात्रभर पडून राहिली, तर सकाळी तिथे खरखरीत, फिकट चट्टा दिसतो. फरशी पुसून तो जात नाही, कारण दगडच झिजलेला असतो. शहाबादी म्हणजे चुनखडीच. आपला लेख वाचून कुणी लिंबाचा रस भिंतीला फासला, तर उरलासुरला जुना गिलावाही फसफसून सुटेल.

आता लेखासोबतच्या कृतीच्या चौकटीबद्दल. ‘एक किलो चुना, एक लिटर पाणी, ढवळून लगेच लावा.’ (इथे मात्र ‘चुना’ आहे, म्हणजे लेख एकाने आणि चौकट दुसऱ्याने केलेली दिसते.) कोणता चुना? पानाचा, पोत्यातली फक्की की कळीचा? चुनखडी साधारण ९०० अंशांवर भाजली की शंभर किलोतला चव्वेचाळीस किलो वायू उडून जातो आणि छप्पन किलो कळीचा चुना उरतो. ही कळी ताजी हवी. उघड्यावर राहिली तर ती हवेतली ओल घेऊन आपोआप फुटते, तिची भुकटी होते आणि जोर निघून जातो. चांगला खडा पाण्यात टाकला की थोड्याच वेळात सूं सूं करत फुटू लागतो. नुसता बुडून पडून राहिला, तर दुकानदाराला परत करावा.

चुना विरवायची, म्हणजे कळी पाण्यात फोडायची रीतही उलटी छापली आहे. आधी पाणी आणि मग त्यात थोडी थोडी कळी. कळीवर पाणी ओतले की ते जागच्या जागी उकळते आणि गरम चुना उसळून तोंडावर येतो. भांडे लोखंडी पिंपाचे घ्यावे, प्लास्टिकचे उष्णतेने मऊ पडते. गिलाव्यासाठी एक किलो कळीला सुमारे तीन लिटर पाणी, लांब दांडा आणि डोळ्यांवर बंद चष्मा. निवल्यावर चाळणीतून गाळून, वर दोन-तीन इंच पाणी ठेवून तो मुरू द्यायचा. पंधरा दिवस हे कमीत कमी, दोन-तीन महिने उत्तम. ही सगळी खटपट कशासाठी? जास्त भाजलेले बारीक कण विरायला फार वेळ घेतात. ते तसेच भिंतीत गेले तर सहा महिन्यांनी तिथे विरतात, फुगतात आणि गुळगुळीत गिलाव्यातून वाटाण्याएवढ्या टिकल्या उडवतात. मग लोक म्हणतात, चुना टिकत नाही.

मुरलेल्या एक भाग चुन्याला साधारण तीन भाग वाळू. ओलीच्या जागी काही वाळू काढून सुरखी, म्हणजे कुटलेल्या विटांची भुकटी घालतात, कारण सुरखीमुळे चुना ओलाव्यातही धरतो. त्यासाठी वीट मऊ, बेताची भाजलेली हवी. काळी पडलेली, जळकी वीट कुटून उपयोग नाही. तिकोना किल्ल्यावर चुन्याची घाणी आजही बघायला मिळते. तिथे गोल चरातून दगडी चाक फिरवत हे मिश्रण रगडले जाई. नुसते फावड्याने ढवळण्यात आणि रगडण्यात किती फरक पडतो ते हातात घेऊन पाहावे, रगडलेला चुना लोण्यासारखा थापीला चिकटतो. भिंत आधी पाणी शोषायची थांबेपर्यंत भिजवायची, थर दहा-बारा मिलिमीटरपेक्षा जाड द्यायचा नाही आणि आठवडाभर ओली पोती टांगून ऊन अडवायचे. घाईने वाळला तर तडा आणि भुगा.

सिमेंट का नको, ते लेखात बरोबर आहे, ते मान्य. सिमेंटमागे ओल कोंडते, लोणा (क्षारांची पांढरी पूड) धरतो आणि शेवटी सिमेंटचा पापुद्रा विटेचा दर्शनी भाग घेऊन खाली येतो.

चौकटीतले प्रमाण कदाचित सफेदीचे असावे, अशी उदार शंका घेऊन पाहिली. तिथेही ते चुकतेच. सफेदीला एक किलो कळीला सुमारे पाच लिटर पाणी, चोवीस तास ठेवून फडक्यातून गाळलेले, वर थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ. कुंचा फिरवताना हात जवळजवळ पारदर्शक दिसतो आणि वाळल्यावर पांढरा होतो. हे माहीत नसलेला माणूस पहिल्याच हाताला पांढरेपणा यावा म्हणून दाट चुना फासतो आणि पावसाळ्यात पोपडे झाडत बसतो. पातळ तीन हात द्यावेत.

आणि ‘डोळ्यात गेल्यास आम्लधर्मी द्रव वापरा’ हे वाक्य कुणाच्या डोक्यातून आले? लेखभर लिंबू लिंबू चालले असताना वाचक कोणता आम्लधर्मी द्रव उचलेल? डोळ्यात चुना गेला की लगेच नळाच्या पाण्याने निदान अर्धा तास धुवायचे, पापणी उलटून अडकलेले कण काढायचे आणि थेट डॉक्टर गाठायचा. लिंबू अजिबात नाही. तंबाखूबरोबरच्या चुन्याच्या पुडीने लहान मुलांचे डोळे अधू झाल्याची प्रकरणे नेत्रतज्ज्ञ वर्षानुवर्षे सांगत आहेत.

शब्दाची गल्लत महागात पडते, हे ब्रिटिश आरमाराला विचारा. जाड सालीचे लेमन आणि आपल्या कागदी लिंबाच्या जातीचे लाइम ही नावे तिकडे खुशाल एकमेकांच्या जागी वापरली जात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आरमाराने लेमन सोडून वेस्ट इंडीजचे लाइम घेतले. त्याच्या रसात क जीवनसत्त्व कितीतरी कमी. १८७५च्या आर्क्टिक मोहिमेत खलाशांना स्कर्व्हीने गाठलेच.

जाता जाता, नवरात्रातल्या आपल्या ‘घरगुती कुंकू’ या मजकुराचेही राहून गेले होते. ‘हळद, चुना आणि लिंबाचा रस एकत्र करा,’ असे त्यात होते. हळद चुन्याने लाल होते हे खरे, पण त्यात लिंबू पिळले की ती परत पिवळी पडते. लिंबाचा रस लागतो तो टाकणखाराच्या (बोरॅक्सच्या) जोडीला. त्या रीतीत चुना नसतोच. चुन्याने लाल केलेली हळद रोज कपाळाला लावली तर कातडी सोलवटते. पुरवणी वेगळी, हात वेगळा आणि गोंधळ तोच. ‘वाचकांना चुना लावला’ हा विनोद मी मुद्दाम टाळतो आहे.

शुद्धिपत्र छापणार असाल तर त्या चौकटीएवढेच आणि त्याच पानावर छापावे. राशिभविष्याखाली दोन ओळींत नको.

आपला,
एक नियमित वाचक, वाई