बेडूक मागच्या तारखेने मोजता येत नाहीत, मंत्रिमहोदय

मा. पर्यावरणमंत्री यांस,
स. न. वि. वि.

परवा आपल्या खात्याचे तीन ओळींचे पत्र मिळाले. 'दहा वर्षांच्या नोंदींतून ठोस निष्कर्ष न निघाल्याने गणना स्थगित.' उद्घाटनाला आपणच पंचवीस वर्षांचा शब्द दिला होता. आणि पत्राचा विषय काय, तर 'सरपटणाऱ्या प्राण्यांची गणना'! साहेब, बेडूक उभयचर. दहा वर्षांत एवढे तरी कळायला हवे होते.

बेडकांचा आकडा एका साली ओसंडतो, पुढच्या साली तळ गाठतो. हा पावसाचा चढउतार की खरी घसरण, हे चार-दोन वर्षांत ओळखता येत नाही. अमेरिकेतल्या रेनबो बे या डबक्यावर १९७८ पासून शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे मोजत बसले, तेव्हा हे पटले. कोस्टारिकात १९८७ साली सोनेरी भेक दीड हजार दिसले, १९८९ साली एक. पुढे कधीच नाही. बेडकांचा फडशा पाडणारी कायट्रिड बुरशी तर १९९८ साली ओळखू आली. तिच्यामुळे पाचशेवर जाती घटल्या, त्यातल्या नव्वद संपल्याच असे मानतात. तोवर ज्यांनी मोजून ठेवले होते, त्यांनाच काय गेले ते सांगता आले.

आता माझे ऐका. दहा पावसाळ्यांत गुडघे गेले. बेडूक मोजायला पकडावेत म्हणून डबक्याच्या कुंपणाकडेला पुरलेल्या बादल्या ऊन चढायच्या आत रिकाम्या केल्या नाहीत, तर आतले बेडूक सुकून मरतात. म्हणून मुलीच्या लग्नादिवशीही मी आधी डबके गाठले. बुरशी आपल्याच हातून पसरू नये म्हणून दर बेडकाला नवे हातमोजे. तीन वर्षे तेही माझ्या खिशातून. उद्घाटनाच्या मांडवाच्या खर्चात वीस वर्षांचे हातमोजे आले असते. हिशेब चुकत असेल तर फाइल काढून दाखवा.

पण फाइल कोण काढणार? निवडणुकीपलीकडचे काही या व्यवस्थेला दिसतच नाही. साथ आली की समिती, पूल पडला की चौकशी. रोजची नोंद ठेवणारा मात्र बिनकामाचा. आणि वर आम्हालाच कूपमंडूक म्हणायचे!

मागणी एवढीच: यंदाची गणना सुरू करा. हुकलेला पावसाळा पुढे भरून काढता येत नाही.

जाता जाता, बादल्या तुमच्या माणसांनी उघड्याच टाकल्या होत्या. काल रात्री जाऊन मी त्यांवर फरश्या ठेवल्या. आधी आतले बेडूक बाहेर सोडले. तेरा होते. वहीत लिहिले आहे.

आपला,
एक बिनपगारी बेडूकमोज्या